तीन मिनिटांचे गंधर्वगान

मागील सत्रात एका विद्यार्थ्याने घरच्या माळ्यावर सापडलेली जुनी तबकडी शाळेत आणिली. एका पालकांच्या चावीच्या फोनोवर ती वाजू लागताच वर्गात खसखस पिकली. "गुरुजी, हा बुवा की बाई?" गाणारे होते कै. नारायणराव राजहंस, अर्थात बालगंधर्व. त्या हशाबद्दल आम्ही मुलांस दोष देत नाही; परंतु त्या हशानेच गायकाचा निवाडा व्हावा, हे आम्हांस मान्य नाही.

तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. रंगभूमीवर हेच गायक 'वन्समोअर'च्या गजरात एकच पद पुनःपुन्हा निराळ्या अंगाने फुलवीत. साथीस कादरबक्षांची सारंगी व थिरकवाखाँसाहेबांचा तबला असे. घड्याळाच्या धाकाखाली म्हटलेले पद ही त्या गायनाची केवळ खूण होय.

तथापि खूण तरी उरली! किर्लोस्कर मंडळीचे भाऊराव कोल्हटकर, ज्यांच्या सुभद्रेने महाराष्ट्रास वेड लाविले, ते 1901 साली निवर्तले. पुढच्याच वर्षी, 1902 मध्ये, ग्रामोफोन कंपनीचे गैसबर्गसाहेब कलकत्त्यास आले आणि गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरले. अवघ्या पावणेदोन वर्षांचे अंतर; पण भाऊरावांचा कंठ आता कोणाही मनुष्यास ऐकावयास मिळणे नाही.

त्याच मंडळीत 1905 साली नारायणराव शकुंतला होऊन उभे राहिले. त्यांस कमी ऐकू येई, म्हणून मंडळी प्रथम कचरत होती. शाहू महाराजांच्या आश्रयाने मिरजेच्या मिशन दवाखान्यात त्यांच्या कानांवर उपचार झाले. पुढे 1913 साली त्यांनी स्वतःची गंधर्व नाटक मंडळी काढिली, अपार कीर्ती मिळविली आणि कर्जही तितकेच केले. 1967 साली ते वारले.

ख्रिस्ती शाळेत नाटकी पदे कशास, असे काही पालक विचारतात. मिरजेच्या मिशन डॉक्टरांनी तो प्रश्न विचारिला नाही. रेव्हरंड टिळकांनीही देशी चाली वर्ज्य मानिल्या नाहीत. त्यांची भजने आपण दर रविवारी गातोच की!

तेव्हा धाराशिव, तुळजापूर, परंडा, उमरगा येथील ज्या घरांत अशा तबकड्या असतील, त्यांनी त्या भंगारवाल्यास न देता शाळेकडे पाठवाव्यात. लाखेची वस्तू ती, हातातून सुटली की संपली. त्या विद्यार्थ्याची तबकडी आमच्या कपाटात आहे. कडेस तडा गेल्यामुळे पहिली काही आवर्तने ऐकू येत नाहीत.