बाके दिली, खाते कोणते दिले?

एका वस्तीतील शाळेस लगतच्या कारखान्याने बाके दिली, त्या समारंभास मी उपस्थित होतो. हारतुरे झाले, भाषणे झाली. प्रत्येक बाकाच्या पाठीवर कंपनीचे नाव रंगविलेले होते. परतताना एक पालक म्हणाले, "वकीलसाहेब, आमच्या वस्तीतली माणसं या कारखान्यात जातात. सगळी झाडकामाला, अन् तीही ठेकेदाराच्या हजेरीवर." बाकांविषयी माझी तक्रार नाही, मुलांना ती हवीच होती. परंतु समाजाचा प्रश्न सोडविण्यास कंपनीने काय करावे, याचे उत्तर मला कारखान्याच्या फाटकाच्या आत दिसते.

मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात मजुरी अधिक, आणि तेथेच अस्पृश्यांस मज्जाव होता. धोट्यातील कांडी बदलताना नवे सूत छिद्रातून तोंडाने ओढावे लागे. अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर हाती घेईनात. १९२८ च्या सार्वत्रिक संपात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा मज्जाव उठविण्याचा आग्रह संपाच्या पुढाऱ्यांपाशी धरला. हा कामगारांनी कामगारांवर केलेला अन्याय म्हणून आपण सांगतो, व ते खरेच आहे. पण मालकांचे काय? यंत्रे त्यांची होती. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने तोंडाने सूत ओढण्याचे धोटे रोगाच्या भयाने १९११ मध्येच कायद्याने बंद केले होते. म्हणजे हाताने सूत ओवण्याचा धोटा जगात होता. तो आणला असता तर विटाळाची सबबच उरली नसती. एवढे मोठे सामाजिक कार्य धोटा बदलून साधले असते!

आज कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ अन्वये ५ कोटी रुपये वा अधिक निव्वळ नफा मिळविणाऱ्या कंपन्यांस मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे निदान दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावे लागतात. स्वतःच्याच नोकरांच्या हिताचा खर्च त्यात धरत नाहीत. हे योग्यच, नाहीतर पगारही दान म्हणून दाखविला गेला असता. परिणाम मात्र असा की, बाक मोजले जाते, नोकरी मोजली जात नाही. घटनेच्या १६ व्या अनुच्छेदातील राखीव जागांची तरतूद राज्याच्या नोकऱ्यांपुरती आहे. थोरात व ॲटवेल यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सारख्या पात्रतेचे अर्ज खासगी कंपन्यांकडे गेले, तेव्हा दलित नावाच्या अर्जांस बोलावणे कमी आले.

तरी एक दार उघडे आहे, आणि ते आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक आहे. शिकाऊ उमेदवार कायदा, १९६१ च्या कलम ३-अ अन्वये नियोजित धंद्यांत अनुसूचित जातींसाठी शिक्षणाच्या जागा राखणे मालकावर, खासगी मालकावरही, बंधनकारक आहे. बौद्ध धर्म स्वीकारल्याने हा हक्क जात नाही. अनुसूचित जातींच्या आदेशातील १९९० च्या दुरुस्तीने त्या जातींतील बौद्धांसही त्यांत धरले आहे. कंपनीस खरोखर हातभार लावावयाचा असेल तर या जागा तिने भराव्यात, आणि कोणत्या खात्यात आमची किती माणसे, कायम किती, ठेक्यावर किती, हे वार्षिक अहवालात छापावे. त्यास दोन टक्केही लागत नाहीत.

त्या पालकांचा मुलगा फिटरची परीक्षा उत्तीर्ण आहे. कारखान्यात यंदा राखीव शिकाऊ जागा किती व त्या कोणास दिल्या, असे विचारणारा अर्ज त्यांनी स्वतः लिहिला. मी केवळ कलमाचा आकडा घातला.