'आपला संघ' : एका सर्वनामाचा बाजार

हरणाऱ्या संघाने लोकांशी नाते कसे जोडावे, यावर व्यवस्थापनशास्त्रात हल्ली बरेच लिहिले जाते. त्या लेखनात 'समुदाय' हा शब्द वारंवार येतो आणि जवळजवळ प्रत्येक वेळी त्याचा अर्थ 'ग्राहक' असा असतो. भाषा शिकवणाऱ्यांनी या अर्थांतराकडे खेळाचा मामला म्हणून काणाडोळा करावा, हे आम्हांला मान्य नाही.

पुण्याचेच उदाहरण घ्या. 2010 मध्ये सहारा समूहाने 37 कोटी डॉलर मोजून आयपीएलमधील पुण्याचा संघ घेतला. 2011 च्या पहिल्या हंगामात या 'पुणे वॉरियर्स'चे घरचे मैदान होते नवी मुंबईत! (गहुंजेचे मैदान तेव्हा तयार नव्हते हे खरे; नाव मात्र तयार होते.) तिन्ही हंगामांत संघ तळाशी राहिला: नववा, नववा, आठवा. पराभवावर उतारा म्हणून शोधली गेली ती तारांकित नावे. 5 मे 2012 रोजी सौरभ गांगुलीच्या नेतृत्वाखाली हा संघ कोलकात्यात उतरला, तेव्हा ईडन गार्डन्सच्या निष्ठा दुभंगल्या. 'पुण्या'वर प्रेम करणारा सर्वांत मोठा जमाव त्या दिवशी बहुधा बंगाली असावा. 2013 मध्ये मालकाने अंग काढून घेतले आणि संघाबरोबर त्याचा 'समुदाय'ही विरून गेला. फुटबॉलमध्ये तर त्याहून सोपे झाले: 2014 पासून खेळणाऱ्या एफसी पुणे सिटीची जागा 2019 मध्ये हैदराबादच्या संघाने घेतली. ज्यांनी नारिंगी झेंडे नाचवले होते, त्यांना कोणी विचारले?

जाहिरात म्हणजेच विटाळ, असा सोवळा पवित्रा आम्ही घेत नाही. भिवंडी तालुक्यातल्या दिघाशीसारख्या गावातून पाहिले तर तो घेताही येणार नाही. ठाणे-रायगडच्या आगरी-कोळी पट्ट्यातील कबड्डी मंडळेही फलक लावतात. त्यावर आमदारापासून गल्लीतल्या होतकरू नेत्यापर्यंत सर्वांचे हसरे चेहरे असतात. पावतीपुस्तक घेऊन पोरे दारोदार फिरतात. हेही विपणनच. पण ज्याने वर्गणी दिली त्याला दुसऱ्या दिवशी नाक्यावर जाब विचारण्याचा हक्क असतो, आणि हरलेल्या चढाईपटूला तो ऐकून घ्यावा लागतो. 'आपला' हा शब्द तिथे दोन्ही बाजूंनी बांधतो. व्यावसायिक संघाला हवा असतो तो एकेरी 'आपला': प्रेम तुमचे, निर्णय आमचा.

कबड्डीच्या बाबतीत हे अधिक बोचते. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1936 मध्ये बर्लिनला जाऊन जो खेळ दाखवला, बुवा साळवींनी ज्याच्या संघटनेसाठी आयुष्य वेचले, त्याच्या लीगची घोषणा 'ले पंगा' अशी हिंदी. तरीही न्याय करायला हवा. पुणेरी पलटण 2014 आणि 2015 अशी सलग दोन वर्षे शेवटच्या स्थानावर होती. पुढे तरुण खेळाडू घडवण्याची चिकाटी तिने दाखवली आणि 1 मार्च 2024 रोजी नगर जिल्ह्यातल्या अस्लम इनामदारच्या नेतृत्वाखाली ती विजेती ठरली. कोणत्याही घोषवाक्यापेक्षा त्या कर्णधाराने पलटणीला गावांशी अधिक जोडले असणार. आणि मग 2025 चा बारावा हंगाम पाहा: सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली येथे. महाराष्ट्राचे संघ दोन, महाराष्ट्रात सामना एकही नाही. दूरचित्रवाणीच्या हिशेबाला ते परवडत असेल. 'पुणेरी' या विशेषणाला परवडत नाही.

संघमालकांनी एक करून पाहावे. ज्या वर्षी संघ तळाशी जाईल, त्याच वर्षी सरावाचे दोन सामने एखाद्या गावात, देवळासमोरच्या मैदानात, तिकीट न लावता खेळावेत, आणि नंतर नाक्यावर थांबावे. भिवंडीत अशी मैदाने आहेत. गोदामांनी अजून सगळी गिळलेली नाहीत.