नकाशातील कोरी जागा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, लिलावाच्या व हरवलेल्या कागदपत्रांच्या नोटिशींशेजारी, अधूनमधून एक जाहीर सूचना बारीक टाइपात छापून येते. अमुक महानगरपालिकेने वा नगरपरिषदेने महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम २६ अन्वये प्रारूप विकास योजना प्रसिद्ध केली आहे. नकाशे कार्यालयीन वेळेत पाहावयास ठेवले आहेत. ज्यांच्या काही हरकती वा सूचना असतील त्यांनी त्या विहित मुदतीत लेखी सादर कराव्यात. वाचकहो, ही सूचना आपण वाचता काय? आमचा अनुभव असा की, शंभर घरांच्या वस्तीत ती वाचणारा एकही मनुष्य सापडत नाही. नोकरभरतीची जाहिरात वाचली जाते, निवडणुकीची भाकिते चवीने वाचली जातात. परंतु पुढील वीस वर्षांत आपल्या दारासमोर शाळा येणार की साठ फुटी रस्ता येणार, हे सांगणारा तो चार इंचांचा मजकूर रद्दीत जातो. आज आम्ही त्या मजकुराविषयी लिहीत आहोत.

विकास योजना म्हणजे शहराच्या जमिनीचे कायदेशीर भविष्य होय. कोणती जमीन राहण्यासाठी, कोणती कारखान्यांसाठी, कोणता भूखंड शाळेला, दवाखान्याला, बाजाराला, क्रीडांगणाला वा स्मशानभूमीला राखून ठेवावयाचा आणि रस्ते कोठून न्यावयाचे, हे तीत ठरते. कायद्याप्रमाणे वीस वर्षांतून एकदा तरी तिची फेरतपासणी व्हावी लागते. मुंबईची पहिली योजना १९६७ साली मंजूर झाली, दुसरी १९९० नंतरच्या पहिल्या वर्षांत आणि तिसरी, जिला २०३४ ची योजना म्हणतात, ती २०१८ साली. म्हणजे एका मनुष्याच्या हयातीत ही संधी तीनदा, फार तर चारदा येते.

महाडच्या चवदार तळ्याची हकीकत आपल्यापैकी प्रत्येकाला पाठ आहे. तीत वकिलाच्या नजरेला विशेष दिसणारी एक गोष्ट येथे सांगतो. १९२३ साली मुंबई विधिमंडळात बोले यांचा ठराव संमत झाला. त्यास अनुसरून १९२४ साली महाडच्या नगरपालिकेने आपले तळे अस्पृश्यांस खुले केल्याचा ठराव केला. कागद तयार होता. परंतु २० मार्च १९२७ पर्यंत त्या कागदाच्या बळावर ओंजळभर पाणी कोणी पिऊ शकले नव्हते. बाबासाहेबांनी पाणी प्यायल्यानंतर त्याच नगरपालिकेने त्याच वर्षी आपला ठराव फिरवला. पुढे दावा चालला. तळे नगरपालिकेच्या मालकीचे ठरले, अनादि रूढीचा सवर्णांचा दावा शाबीत झाला नाही, व १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयात आपला विजय झाला. महाडला कागद होता, वापर नव्हता. आज शहरांतील आपल्या वस्त्यांची स्थिती नेमकी उलटी आहे. वापर आहे, चाळीस-चाळीस वर्षांची बालवाडी आहे, नळकोंडाळे आहे, विहार आहे, अभ्यासिका आहे. कागद मात्र नाही. आणि नियोजनाच्या कायद्यात जे कागदावर नाही ते भूमीवरही नाही असेच धरले जाते.

हे कसे घडते ते पाहावे. प्रारूप योजना काढण्यापूर्वी नियोजन प्राधिकरणाला कलम २५ अन्वये सध्याच्या जमीन-वापराचा नकाशा तयार करावा लागतो. आज कोठे काय आहे हे त्यात दाखवावयाचे असते. पुढील सगळी इमारत या पायावर उभी राहते. कारण अमुक भागात शाळा किती कमी आहेत, दवाखाने किती हवेत, याचे गणित त्यावरूनच मांडले जाते. आता सर्वेक्षण करणारा मनुष्य सोसायट्यांच्या फाटकांवरील पाट्या वाचतो, रस्त्यांची नावे टिपतो. परंतु झोपडपट्टीच्या तोंडाशी आला की पुष्कळदा तिच्याभोवती एक रेघ ओढून आत 'झोपडपट्टी' एवढा एक शब्द लिहितो. आत जाऊन कोण पाहतो? मुंबईतील जमीन-वापराच्या नकाशांविषयी हाच आक्षेप नागरिकांच्या संघटनांनी घेतला होता. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईच्या सुमारे १ कोटी २४ लाख वस्तीपैकी सुमारे ५२ लाख माणसे झोपडपट्टीत राहणारी नोंदली गेली. पाच माणसांतील दोघे जेथे राहतात तेथे काय आहे व काय नाही हे नकाशा सांगत नसेल, तर त्या नकाशावरून केलेले गणित बरोबर कसे यावे?

कोणी म्हणेल, झोपडपट्टीसाठी १९७१ चा स्वतंत्र कायदा आहे, पुनर्वसन प्राधिकरण आहे; विकास योजनेशी तिचा काय संबंध? हा युक्तिवाद आम्ही अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे आणि खेदाची गोष्ट अशी की आपल्या पुढाऱ्यांच्या तोंडूनही ऐकला आहे. पुनर्वसनाची इमारत उभी राहील तेव्हा तीतील मुले कोणत्या शाळेत जातील? आजारी बाई कोणत्या प्रसूतिगृहात जाईल? ते भूखंड विकास योजनेतच राखावे लागतात. घर एका कायद्याखाली व जगणे दुसऱ्या कायद्याखाली, अशी ही विभागणी आहे.

मुंबईची २०१५ सालची घटना सर्वांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत महापालिकेने प्रारूप योजना प्रसिद्ध केली व हरकतींसाठी ६० दिवस दिले. नकाशांत असंख्य चुका निघाल्या. उभ्या इमारतींवरून रस्ते गेले होते, वारसा वास्तूंच्या नोंदी चुकल्या होत्या. भला जाडजूड अहवाल मराठीत मिळावा म्हणून मुंबईच्या नागरिकांना मागणी करावी लागली, यावर अधिक भाष्य नको. ६० हजारांहून अधिक हरकती व सूचना दाखल झाल्या आणि एप्रिलमध्ये मुख्यमंत्र्यांनी तो मसुदा नव्याने तपासून करण्याचा आदेश दिला. सुधारित मसुदा मे २०१६ मध्ये आला. पुन्हा मुदत, पुन्हा हरकती, सुनावण्या, आणि मे २०१८ मध्ये शासनाची मंजुरी. त्या मंजुरीतही शासनाने ज्या भागांत मोठे बदल सुचविले ते वेगळे काढून त्यांवर पुन्हा हरकती मागविल्या. या काळात 'हमारा शहर मुंबई अभियान' या नावाने वस्त्यांतील लोक व संस्था एकत्र येऊन नकाशे वाचू लागल्या, ही त्यातील चांगली बाजू. सामान्य माणसाच्या अर्जाला कोण विचारतो, असे म्हणणाऱ्यांनी हे आठवावे. एका अर्जाला कदाचित कोणी विचारीत नाही. साठ हजार अर्जांना विचारावे लागले.

तथापि आम्ही वाचकांस खोटी आशा दाखवणार नाही. कायद्याने आपल्याला ऐकले जाण्याचा हक्क दिला आहे. आपले म्हणणे मान्य होण्याचा नव्हे. कलम २८ प्रमाणे नियोजन समिती नेमली जाते. तीत स्थायी समितीचे तीन सभासद आणि शासनाने नेमलेले, चारांहून अधिक नव्हेत इतके, जाणकार असतात. ही समिती सुनावणी घेते. सुनावणी कोणाची? ज्याने मुदतीत लेखी हरकत वा सूचना दिली त्याची. येथे सारी मेख आहे. मोर्चा काढणाऱ्याची सुनावणी नाही, नगरसेवकाला भेटून आलेल्याची नाही, सभेत तावातावाने बोलणाऱ्याची तर नाहीच. आपला समाज मोर्चाला हजारोंनी जमतो आणि अर्जाच्या खिडकीवर दोघे जातात. मोर्चाचे मोल आम्ही कमी लेखीत नाही. पण समितीसमोरील कागदांत तो दिसत नाही.

काही वर्षांपूर्वी आमच्या वकिलीच्या निमित्ताने एका मध्यम शहरातील वस्तीशी संबंध आला. नाव सांगत नाही. रेल्वेमार्गालगतची तीनेकशे घरे. बहुतेक बौद्ध, काही मातंग व काही मुसलमान. एक अशील दुसऱ्याच कामासाठी आला असता त्याच्या पिशवीतील जुन्या वर्तमानपत्रात आम्हाला ती सूचना दिसली. मुदतीला अकरा दिवस उरले होते. कायद्याची पदवी घेऊन पंधरा वर्षे झालेल्या आम्हास ती जाहिरात भाजीच्या पुडक्यावर सापडावी, याची आजही लाज वाटते. नकाशा पाहावयास गेलो तेव्हा वस्तीच्या जागी कोरी जागा होती व तीतून १८ मीटरचा रस्ता सरळ गेला होता.

वस्तीतील महाविद्यालयात जाणाऱ्या चार मुलींनी शिंप्याच्या टेपने गल्ल्या मोजल्या. आलेखाच्या कागदावर घरे, दोन नळ, बालवाडी, शौचालये, पावसाळ्यात पाणी तुंबते ती जागा, असे सर्व काढले. आमच्या शिक्षणाचा येथे फारसा उपयोग झाला नाही. आम्ही फक्त कलमे लिहिली. वास्तविक एका अर्जावर दोनशे सह्या घेण्याचा बेत होता. तो आम्ही मोडला, कारण दोनशे सह्यांचा एक अर्ज ही एकच हरकत धरली जाण्याचा व सुनावणीचे बोलावणे पहिल्या सहीवाल्यालाच येण्याचा धोका असतो. घरटी अर्ज गेला. सुनावणीत आम्हास थोडा वेळ मिळाला. एका म्हाताऱ्या बाईने नकाशावर बोट ठेवून, "माझं घर हितं हाय, आन् तुमचा रस्ता माझ्या चुलीवरनं जातो," एवढेच सांगितले. पुढे रस्त्याची रुंदी निम्मी झाली व बालवाडीची नोंद झाली. एकोणीस घरे मात्र अद्याप रेषेखाली आहेत.

आणि अभ्यासिका गेली. ती कशी गेली हे सांगितले पाहिजे. वस्तीत दोन गट होते. अभ्यासिकेला कोणाचे नाव द्यावयाचे व तिचा ताबा कोणत्या मंडळाचा, यावर त्यांचा तंटा होता. मुलींनी ती नकाशावर काढली तेव्हा दोन्ही गटांनी आपापले नाव लिहावयास सांगितले. तोड निघेना, म्हणून ती जागा मोकळी सोडून अर्ज दिले गेले. तेव्हा ती कोरी जागा सर्वेक्षकाने ठेवलेली नव्हती. ती आपणच ठेवली होती.

विहाराविषयीही स्पष्ट बोलतो. सार्वजनिक जागेवरील अनधिकृत धार्मिक बांधकामांविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे २००९ सालापासूनचे आदेश आहेत. उद्यानाच्या आरक्षणावर रातोरात पत्रे ठोकून उभारलेला विहार कायद्यापुढे दुबळा राहतो, मग आपली श्रद्धा कितीही खरी असो. त्यापेक्षा प्रारूप योजनेच्या वेळी सार्वजनिक सभागृह, ग्रंथालय वा अभ्यासिका यांसाठी भूखंड मागावा. तेथे वंदनाही होईल व शेजारच्या मुसलमान मुलीला परीक्षेचा अभ्यासही करता येईल. आमच्या मते दवाखान्याची मागणी याच्याही आधी यावी. काही वाचकांस हे रुचणार नाही, हे आम्ही जाणतो.

भूखंड आरक्षित झाला म्हणजे काम झाले असेही नाही. कलम १२७ असे आहे की, योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत आरक्षित जमीन संपादन झाली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतरच्या मुदतीत, जी पूर्वी सहा महिन्यांची होती व आता चोवीस महिन्यांची आहे, संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण रद्द होते. शाळेचा भूखंड असा गळून पडतो. मालक दिवस मोजत असतो. वस्तीत ते मोजणारा कोणी नसतो. म्हणून प्रत्येक वस्तीने आपल्या परिसरातील आरक्षणांची एक वही ठेवावी: भूखंडाचा क्रमांक, कशासाठी राखीव, योजना अमलात आल्याची तारीख, दहा वर्षे पुरी होण्याची तारीख. दहावे वर्ष लागण्यापूर्वी संपादनाचे काय झाले, असा माहिती अधिकाराचा अर्ज द्यावा. मंजूर योजनेत मागाहून फेरबदल करावयाचा असला तरी कलम ३७ प्रमाणे पुन्हा सूचना प्रसिद्ध करावी लागते. ती मुदत फक्त एक महिन्याची असते आणि शाळेचे मैदान बहुधा याच वाटेने जाते.

राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९२ साली बारावी अनुसूची जोडली. तिच्यातील पहिलाच विषय नगर नियोजनाचा आहे. पुढे दुर्बल घटकांच्या हितरक्षणाचा, झोपडपट्टी सुधारणेचा व स्मशानभूमीचाही विषय आहे. गावकुसाबाहेर ज्यांचे मसणवटेही वेगळे होते, त्यांच्या नातवंडांनी ही यादी एकदा वाचून पाहावी.

आता कामाचे. आपल्या शहराची योजना कोणत्या टप्प्यावर आहे हे नगररचना विभागात जाऊन या महिन्यात विचारावे. वस्ती महापालिकेच्या हद्दीत आहे की एखाद्या विशेष नियोजन प्राधिकरणाच्या, हे प्रथम पाहावे. चुकीच्या दारात दिलेला अर्ज वाया जातो. मुदत सूचनेतच लिहिलेली असते. ती राजपत्रातील तारखेपासून मोजावी, ऐकीव तारखेपासून नव्हे. अर्ज मराठीत लिहावा. त्यात नकाशाच्या पत्रकाचा क्रमांक, जागेची खूण, आज तेथे काय आहे, योजनेत काय दाखवले आहे व काय दाखवावे, एवढे असले की पुरे. बाबासाहेबांच्या नावाने दोन पाने भरण्याची आवश्यकता नाही, त्यांचे नाव समितीला ठाऊक आहे. वीजबिल, शाळेचा दाखला, जुने फोटो यांच्या प्रती जोडाव्यात. "सुनावणीस उपस्थित राहू इच्छितो" हे वाक्य शेवटी लिहावे. दोन प्रती न्याव्यात, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का पडेपर्यंत खिडकी सोडू नये. कारकून "ठेवून जा, नंतर देतो" म्हणेल. तेथेच उभे राहावे.