मांजराचे औषध आणि व्यापारी नावांची मक्तेदारी

मांजराच्या अंगावरच्या पिसवा आणि त्याच्या पोटातले जंत हा राजकीय कार्यकर्त्याने विचारात घेण्याचा विषय आहे काय? कांद्याचे भाव, कंत्राटी कामगार, उसाची थकलेली बिले असे प्रश्न पुढ्यात असता हे शहरी चोचले कशाला, अशी कुजबुज होईल. ती अज्ञानमूलक आहे. मांजर ही बंगलेवाल्यांची मिरासदारी कधीच नव्हती. कोरेगाव भीमाच्या शेतकऱ्याच्या घरी ते धान्याच्या पोत्यांची राखण करते. सणसवाडी-शिक्रापूरच्या कारखान्यांत राबणाऱ्या कामगाराच्या भाड्याच्या खोलीत ते पोरांच्या पांघरुणात झोपते. त्याच्या विष्ठेतून गोल कृमींची अंडी अंगणातल्या मातीत मिसळतात आणि मातीत खेळणाऱ्या मुलाच्या तोंडात जातात. चपट्या कृमीची अळी तर पिसवेच्या पोटातच वाढते. १८९७ चा प्लेग भोगलेल्या पुणे जिल्ह्याने तरी पिसवेला क्षुल्लक म्हणू नये; अर्थात ती पिसू उंदरावरची होती. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी मुलाला अल्बेंडाझोलची गोळी सरकार फुकट देते, हे योग्यच आहे. पण त्या गोळीचा रोख मांजराच्या कृमींवर नाही, आणि त्याच मुलाच्या उशाशी झोपणाऱ्या जनावराचे औषध बाजाराच्या स्वाधीन केलेले आहे.

या बाजारात काय चालते? सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याची सारी घडण गाय, म्हैस, शेळी यांच्यासाठी. शहरातल्या खाजगी दवाखान्यात तपासणीची फी आणि वर नामांकित कंपनीची कुपी. म्हणून कामगाराचा शिकलेला मुलगा मोबाइल उघडतो आणि तेच औषध मूळ नावाने, ज्याला जेनेरिक म्हणतात, स्वस्तात मागवतो. फिप्रोनिलचे थेंब असोत की प्राझिक्वांटेल आणि पायरँटेलची गोळी असो, ही काही परवा लागलेली औषधे नव्हेत. त्यांच्या संशोधनाचा खर्च जगातल्या ग्राहकांनी केव्हाच फेडलेला आहे. तरीही स्वस्त औषधाचा धोका पत्करू नका, असा उपदेश सुरू होतो. तो कोणाच्या हिताचा आहे हे सांगायला अर्थशास्त्र शिकावे लागत नाही. पेटंट संपले की नफ्याला आधार उरतो तो फक्त नावाचा, आणि नावाला आधार भीतीचा.

या देशात ही लढाई एकदा लढली गेली होती, आणि योगायोग असा की ती जंताच्या औषधावरूनच लढली गेली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधी द्रव्यावरची मक्तेदारी नाकारून केवळ प्रक्रियेचे पेटंट मान्य केले. त्या पायावर देशी औषधधंदा उभा राहिला. १९७५ साली जयसुखलाल हाथी समितीने औषधांची व्यापारी नावे टप्प्याटप्प्याने रद्द करण्याची शिफारस केली. जनता राजवटीच्या १९७८ च्या औषध धोरणाने पाच औषधांपासून आरंभ करण्याचे ठरवले. त्यांत अॅस्पिरिन, अॅनाल्जिन यांच्याबरोबर पिपेराझीन होते. मुलाच्या आणि मांजराच्या पोटातल्या गोल कृमींवर चालणारे हे जुने, स्वस्त औषध! औषध कंपन्या न्यायालयात धावल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयात तो नियम टिकला नाही. पुढे कोणत्याही सरकारने तो धागा नेटाने उचलला नाही. १ जानेवारी २००५ पासून तर जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली द्रव्यावरचे पेटंटही परत आले.

स्पर्धेने काय होऊ शकते हे प्राझिक्वांटेलनेच दाखवले आहे. बायर या जर्मन कंपनीच्या या औषधासाठी दक्षिण कोरियातल्या शिन पूंग कंपनीने १९८३ साली स्वतःची निर्मितिप्रक्रिया सिद्ध केली आणि जगभर त्याचे भाव कोसळले. लेव्हामिसोलची कथा याहून बोलकी. अमेरिकेत मेंढ्यांच्या जंतांवर कवडीमोलाने मिळणारे हे द्रव्य कर्करोगाचे औषध म्हणून आले तेव्हा त्याची किंमत सुमारे शंभरपट झाली, आणि १९९२ साली तिथल्या डॉक्टरांनीच त्याचा जाहीर निषेध केला. द्रव्य तेच होते, फक्त गिऱ्हाईक अधिक अगतिक होते.

मात्र मोबाइलवरची स्वस्त खरेदी म्हणजे ग्राहकाची मुक्ती, असे मानणारेही भाबडेच. कुत्र्यासाठीच्या पिसूनाशकांत पुष्कळदा परमेथ्रिन असते. मांजराच्या यकृताला ते पचवता येत नाही. झटके येऊन जनावर मरते. मांजराच्या वजनाप्रमाणे मात्रा किती, हे पुडक्यावरच्या बारीक इंग्रजीतून कामगाराच्या बायकोने कसे उमजावे? दोष जेनेरिकचा नाही, बेवारस विक्रीचा आहे. ऑनलाइन औषधविक्रीच्या नियमांचा मसुदा केंद्राने ऑगस्ट २०१८ मध्ये प्रसिद्ध केला. वर्षांमागून वर्षे गेली, तो मसुदाच राहिला. नियम नसल्याने ज्यांचे फावते, त्यांना नियमांची घाई नसते.

कोरेगाव भीमापासून तासा-दीड तासाच्या अंतरावर पिंपरीत १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना आहे. अशा कारखान्यांनी मूळ नावाची औषधे करावीत आणि सरकारी दवाखान्यांनी ती वाटावीत, ही सरळ वाट होती. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने निर्णय घेतला तो त्याची जमीन विकण्याचा आणि कारखाना खाजगी हाती देण्याचा!

आता ५ मार्च २०२५ रोजी त्याच केंद्राने ‘पशु औषधी’ योजना मंजूर केली आहे. जनावरांची जेनेरिक औषधे सहकारी संस्था आणि किसान समृद्धी केंद्रांमार्फत विकायची, ही कल्पना स्वागतार्ह आहे. पण पशुधन आरोग्याच्या दोन वर्षांच्या ३,८८० कोटी रुपयांत तिच्या वाट्याला ७५ कोटी, म्हणजे दोन टक्केही नाहीत. शिवाय ज्याचे दूध, मांस वा लोकर विकता येत नाही ते मांजर पशुधनात बसतच नाही. शिरूर तालुक्यातील कार्यकर्त्यांनी पंचायत समितीच्या पशुसंवर्धन अधिकाऱ्यांना लेखी विचारावे, की हे केंद्र तालुक्यात कोणत्या सोसायटीत आणि कोणत्या तारखेला उघडणार, पुडक्यावर जनावराची जात आणि वजनाप्रमाणे मात्रा मराठीत छापलेली असणार काय, आणि औषधांच्या यादीत मांजरासाठीचे पिपेराझीन आहे की नाही.