कायदा मोडला नाहीं, मग झालें काय?

मागील महिन्यांत वाशीम जिल्ह्यांतील जऊळका येथें आमच्या आतेभावाकडे आम्ही दोन दिवस होतों. त्यानें दुकानांत जाऊन मोबाइलचें रिचार्ज केलें आणि परत येऊन सहज विचारलें, “दादा, यांत सरकारचं किती?” शेंकडा 18 दरानें कर असतो, असें आम्हीं सांगितलें. “आणि तो द्यायचा नसला तर?” यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. आमटींतलें मीठ वेंचून काढतां आलें, तर तो कर काढतां येईल.

त्याच धंद्यांतील दुसरी गोष्ट वाचकांस ठाऊक असेल. तरी ती पुन्हा सांगितली पाहिजे. 2007 सालीं हचिसन कंपनीनें हिंदुस्थानांतील टेलिफोनच्या धंद्यांतला आपला सुमारें शेंकडा 67 हिस्सा व्होडाफोनला 11 अब्जांवर डॉलरांस विकला. टॉवर येथले, ग्राहक येथले, बोलणारीं तोंडेंहि येथलींच. परंतु कागदोपत्रीं विकले गेले ते केमन बेटांवर नोंदलेल्या एका कंपनीचे शेअर, आणि घेणारी कंपनी नेदरलँड्सची! नफ्यावरील कर विकणाराचा होता हें खरें. पण पैसे चुकते करतांना घेणारानें तो कापून सरकारांत भरावयास हवा होता, असें आयकर खात्याचें म्हणणें. मागणी 11 हजार कोटी रुपयांच्या घरांत. सप्टेंबर 2010 मध्यें मुंबई हायकोर्टानें खात्याच्या बाजूनें कौल दिला. 20 जानेवारी 2012 रोजीं सुप्रीम कोर्टानें तो फिरविला.

आमच्यासारख्या पगारदारांचा कर पगार हातीं पडण्यापूर्वींच कापला जातो. कॉलेजच्या हिशेबनिसास आम्हीं असें सांगून पाहावें काय, कीं आमचीं व्याख्यानें वर्गांत झालीं खरीं, पण त्यांची नोंद केमन बेटांवर आहे?

सुप्रीम कोर्टास आम्ही दोष देत नाहीं. कायद्यांत जें नाहीं तें त्यांत वाचणें हें न्यायाधीशांचें काम नव्हे. पुढें सरकारनें 2012 च्या फायनान्स ॲक्टानें कायद्याचा अर्थच 1962 पासून बदलला, हा तर निखालस अन्याय होता. डाव संपल्यावर नियम फिरविणारास कोणी भला म्हणत नाहीं. हेग येथील लवादाचा निर्णय 2020 सालीं सरकारविरुद्ध गेला आणि 2021 मध्यें सरकारनेंच नवा कायदा करून ती मागणी सोडून दिली. इतकें सारें आम्हांस मान्य आहे.

आमचें भांडण निराळें. “कायदा मोडला नाहीं, मग झालें काय?” असें छाती काढून विचारणारा एक सुशिक्षित वर्ग आमच्या डोळ्यांपुढें आहे. त्यांत आमचेच विद्यार्थी आहेत. कोणी हिशेबतपासनीस झालेले, कोणी वकील, दिवाळीस पेढे घेऊन येणारे. ते म्हणतात, कंपनीस मन नसतें; भागधारकांचा पैसा राखणें एवढाच तिचा धर्म. ठीक. मग याच कंपन्या जाहिरातींत देशसेवेची भाषा कां बोलतात? 2013 च्या कंपनी कायद्यानें मोठ्या कंपन्यांस नफ्याचा शेंकडा 2 भाग समाजकार्यावर खर्च करावयास लावला. तो खर्च वार्षिक अहवालांत फोटोंसह छापून येतो. टाळलेल्या कराचा फोटो कोणी काढीत नाहीं!

शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाहीं, त्याचें काय, असें कोणी आम्हांस ऐकवीलच. सवलत आहे, आणि नांवाचे शेतकरीहि तिच्या आडोशास उभे राहतात, हेंहि खरें. पण ती कायद्यानें उघड दिलेली आहे. उद्यां लोकांस नको झाली तर काढतां येते. केमन बेटांची वाट कोणत्याहि कायदेमंडळानें करदात्यास दिलेली नव्हती. ती भरपूर फी घेऊन शोधून देण्यांत येते, आणि जऊळक्याच्या दुकानदारापाशीं तेवढी फी नाहीं. वाट सांपडणें हें बुद्धीचें काम असेल, परंतु त्या बुद्धीचा अभिमान घरांत, मुलांसमोर, जेवतांना सांगितला जातो, आणि ऐकणारे वडीलधारे माना डोलावतात, हें आम्हांस अधिक बोंचतें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं ज्यांस हा लेख कडू लागेल त्यांनीं उत्तर अवश्य पाठवावें. संपादकांनीं त्यास जागा देण्याचें कबूल केलें आहे. पेढे मात्र यंदां आणूं नयेत.