टायर स्वस्त झालं, पण घ्यायचं कोणतं? काळ्या रानातल्या रुंद टायरचं गणित

चकलांबा (ता. गेवराई) : ऊसतोड सुरू झाली की या भागात एक दृश्य ठरलेलं असतं. भरलेली ट्रॉली फडातच रुतलेली, ट्रॅक्टरचं मागचं चाक जागेवर गरगर फिरतंय, दुसरा ट्रॅक्टर साखळी घेऊन आलाय आणि तोडणीची टोळी बांधावर बसून वाट बघतेय. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने रानात पाणी साचलं आणि वापसा यायला उशीर झाला. तिकडे राज्यातला गळीत हंगाम १ नोव्हेंबरला सुरू झाला. खाली रान ओलं आणि वर कारखान्याची घाई, अशी गाठ पडली की सगळा भार येतो टायरवर.

त्यातच २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायर-ट्यूबवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्के झाला. ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. समजा मागच्या एका टायरची करापूर्वीची किंमत २० हजार रुपये आहे, तर आधी ३,६०० रुपये कर पडायचा, आता १,००० पडतो. जोडीमागे ५,२०० रुपये वाचतात. साहजिकच अनेकांच्या मनात येतं की टायर बदलायचंच आहे तर एक नंबर मोठं टाकू, रुतायची कटकटच मिटेल.

पण मोठं टायर म्हणजे चांगलं टायर, हे प्रत्येक रानात आणि प्रत्येक ट्रॅक्टरला लागू पडत नाही.

ट्रॅक्टरला रबर आलं ते विमानाकडून

गंमत अशी की करातल्या ताज्या बदलापर्यंत विमानाच्या टायरवर जीएसटी ५ टक्के होता आणि ट्रॅक्टरच्या टायरवर १८ टक्के. या दोन टायरांचं नातं मात्र फार जुनं आहे.

सुरुवातीच्या ट्रॅक्टरांना लोखंडी चाकं असायची. १९३२ मध्ये अमेरिकेतल्या ॲलिस-चामर्स कंपनीने आपल्या ‘मॉडेल यू’ ट्रॅक्टरला फायरस्टोन कंपनीची विमानाची टायरं बसवून पाहिली. रुंद आणि कमी हवेची ती टायरं रानात चालली. इंधनाची बचत झाली, धक्के कमी बसले आणि रस्त्यावरून जाताना रस्ता उकरायचंही थांबलं. पुढच्या आठ-दहा वर्षांत तिकडच्या नव्या ट्रॅक्टरांवर रबरी टायर हाच रिवाज झाला.

अलास्कात आजही छोटी विमानं धावपट्टी नसलेल्या ठिकाणी, नदीकाठच्या गोट्यांवर आणि माळावर उतरतात. ‘सुपर कब’सारख्या दोन माणसांच्या विमानाला तिथले वैमानिक ३१ इंच उंचीची फुगीर टायरं लावतात. नेहमीचं टायर असतं २० इंचांच्या आसपास. मोठ्या टायरात हवा इतकी कमी ठेवतात की दगडावर चाक आदळलं तरी टायर त्याला कवेत घेतं, चाक उसळत नाही.

त्याची किंमतही तिथला वैमानिक मोजतो. टायर जड होतं, हवेत अडथळा वाढतो आणि विमानाचा वेग कमी होतो. ब्रेक तोच राहतो आणि चाक मोठं होतं, त्यामुळे २० इंचांवरून ३१ इंचांवर गेलं की जमिनीवरची ब्रेकची पकड साधारण एक तृतीयांशाने घटते. म्हणून ज्याला कायम डांबरी पट्टीवरच उतरायचंय, तो असली टायरं लावत नाही. आधी कुठं उतरायचं ते ठरतं, मग टायर. चकलांब्यातल्या ट्रॅक्टरमालकालाही नेमका हाच हिशेब करायचा आहे.

रुततं ते वजनाने, की हवेने?

दोन्हींनी. पण वरच्या थरात खेळ हवेचा जास्त असतो. टायर जमिनीवर जेवढा दाब देतं, तो साधारणपणे आतल्या हवेच्या दाबाएवढा असतो. समजा एका चाकावर १,२०० किलो वजन आहे. टायरात ३० पीएसआय हवा असेल, तर ते वजन सुमारे ५७० चौरस सेंटिमीटर जागेवर टेकतं. हवा १२ पीएसआय केली की टेकायची जागा होते सुमारे १,४२० चौरस सेंटिमीटर, म्हणजे अडीच पट. उंटाचा पाय वाळूत रुतत नाही आणि शेळीचं खूर चिखलात घुसतं, त्यातलाच हा प्रकार.

यातली महत्त्वाची गोष्ट अशी की रुंद टायर घेऊन त्यात हवा पहिल्याएवढीच कडक भरली, तर फायदा फारसा होत नाही. मोठ्या टायरचा खरा उपयोग हा, की तेवढंच वजन ते कमी हवेवर पेलू शकतं. पंक्चरवाल्याकडे “टाक चाळीस” म्हणणाऱ्याने जादा पैसे देऊन रुंद टायर घेण्यात अर्थ नाही.

शेतीकामात मागच्या टायरात साधारण १२ ते १५ पीएसआय आणि ओढकामाला त्याहून थोडी जास्त हवा, असा प्रघात आहे. नेमका आकडा ट्रॅक्टरच्या पुस्तकात आणि टायर कंपनीच्या तक्त्यात दिलेला असतो. तो तक्ता बघून हवा मोजून भरणं, हा टायर बदलण्याआधी करायचा जवळपास फुकटचा उपाय आहे.

टायरात पाणी भरण्याचंही तसंच. कोरड्या रानात नांगर ओढताना पाण्याच्या वजनाने पकड येते. पण १३.६-२८ मापाच्या एका टायरात दीडशे लिटरच्या आसपास पाणी बसतं. म्हणजे दोन चाकांत तीनशे किलो वजन घेऊन ट्रॅक्टर ओल्या फडात उतरतो आणि मग तो रुतला म्हणून टायरला दोष दिला जातो.

मोठं टायर कुठं अडतं?

४०-५० एचपीच्या ट्रॅक्टरला आपल्याकडे मागे १३.६-२८ किंवा १४.९-२८ टायर असतं. त्यावरच्या ताकदीच्या ट्रॅक्टरला १६.९-२८. यातला पहिला आकडा टायरची रुंदी इंचांत सांगतो. १३.६ म्हणजे साधारण साडेचौतीस सेंटिमीटर, १४.९ म्हणजे अडतीस आणि १६.९ म्हणजे त्रेचाळीस.

आता सोयाबीनच्या दोन ओळींतलं अंतर बघा. ते ४५ सेंटिमीटर असतं. त्रेचाळीसचं टायर त्यात घातलं तर दोन्ही बाजूंची पिकं गेलीच म्हणायची. कपाशीच्या रुंद पट्ट्यात ते चालून जातं. म्हणजे उभ्या पिकात कोळपणी-फवारणी करणाऱ्याला अरुंद टायर लागतं आणि मोकळ्या रानात नांगरट-रोटा करणाऱ्याला रुंद टायर परवडतं.

दुसरी अडचण रिमची. रुंद टायर अरुंद रिमवर चढवलं की ते मधोमध फुगतं, कडा जमिनीला नीट टेकत नाहीत आणि मधला रबर लवकर झिजतो. रिम बदलायचं म्हटलं तर जीएसटीत वाचलेले पैसे तिथंच जातात.

तिसरी अडचण फोर-व्हील ड्राइव्हच्या ट्रॅक्टरांची. त्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचं प्रमाण कंपनीने गिअरमध्ये ठरवून दिलेलं असतं. फक्त मागचं टायर मोठं केलं की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी झटापट करू लागतात. पुढचं टायर झिजतं आणि पुढच्या एक्सलवर ताण येतो. बदलायचंच असेल तर दोन्ही जोड्या मेळ बघून बदलाव्या लागतात.

शिवाय चाक उंच झालं की त्याच गिअरमध्ये वेग वाढतो, ओढायची ताकद घटते आणि ब्रेकची पकडही कमी होते. अलास्कातल्या विमानाचं गणित इथंही सुटत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये उत्पादकाने दिलेल्या तपशिलाबाहेरच्या बदलांवर बंधनं आहेत, हेही ध्यानात ठेवलेलं बरं. अपघात झालाच, तर विम्याच्या वेळी अशा बदलावर बोट ठेवलं जाऊ शकतं.

रान फाडते ती ट्रॉली

या सगळ्या चर्चेत एक गोष्ट मागे राहते. फडात खोल चाकोरी पडते ती बहुतेक वेळा ट्रॅक्टरमुळे नाही, तर ट्रॉलीमुळे.

ट्रॅक्टरचं मागचं टायर रुंद आणि कमी हवेचं असतं. ट्रॉलीला मात्र ट्रकची, अनेकदा जुनी किंवा रबर चढवलेली टायरं असतात आणि त्यात ऐंशी-नव्वद पीएसआय हवा ठासलेली असते. वर काही टन ऊस. दाबाच्या हिशेबाने ही चाकं ट्रॅक्टरच्या चाकापेक्षा पाच-सहा पट कडक टेकतात. ओल्या काळ्या मातीत ती सुरीसारखी उतरतात. मग ट्रॅक्टरला कितीही मोठं टायर लावा, मागचा नांगर तोच ओढत असतो.

परदेशात अशा ट्रॉल्यांना खास रुंद, कमी हवेची टायरं लावतात. शेतीची अशी टायरं बनवणाऱ्या बाळकृष्ण इंडस्ट्रीजचा एक कारखाना छत्रपती संभाजीनगरजवळच्या वाळूजला आहे आणि या कंपनीच्या मालाचा मोठा हिस्सा युरोपात जातो. आपल्याच मराठवाड्यात बनणारा माल आपल्या फडात मात्र क्वचित दिसतो, कारण किमतीत जुन्या ट्रकच्या टायरशी त्याची बरोबरीच होत नाही. त्यातच ट्रकच्या टायरवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे ट्रॉलीच्या चाकाला ट्रॅक्टरच्या टायरएवढी सवलत मिळालेली नाही.

रुतलेल्या चाकाचा भुर्दंड कोणाला?

पहिला भुर्दंड टोळीला. तोडणीचे पैसे टनावर मिळतात. ट्रॉली फडात जात नसेल तर उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन रस्त्यापर्यंत आणाव्या लागतात आणि त्यात बायांचा वाटा मोठा. शिडीवरून मोळी वर चढवायची ती वेगळीच. ट्रॉली रुतली तर दिवसाची खेप बुडते आणि त्या बसलेल्या वेळेचे पैसे कोणी देत नाही. बीड जिल्ह्यातून लाखो माणसं कोयता घेऊन बाहेर पडतात. त्यामुळे ही अडचण फक्त चकलांब्याच्या फडातली नाही. सांगली-कोल्हापूरच्या फडात उभ्या असलेल्या इथल्याच माणसाचीही ती आहे.

टायर बैलगाडीवर चालणाऱ्या टोळ्यांत हा भार बैलांच्या खांद्यावर पडतो. हवा भरलेल्या टायरने ओढ हलकी होते, हे सरकारनेही मानलंय. जनावरांनी ओढायच्या वजनाबाबत १९६५ चे जे नियम आहेत, त्यात हवेच्या टायरच्या गाडीला साध्या चाकाच्या गाडीपेक्षा जास्त वजनाची मुभा आहे. पण झिजलेलं, हवा उतरलेलं टायर मुरमाड रस्त्यावर तोच फायदा काढून घेतं.

दुसरा भुर्दंड रानाच्या मालकाला. ओल्या मातीवरून जड चाक गेलं की माती दबते, पाणी मुरत नाही आणि पुढच्या पिकाची मुळं वरच अडतात. इथे एक भेद लक्षात घ्यायला हवा. वरच्या वीतभर थराचं दबणं रुंद टायर आणि कमी हवा यांनी बरंच टळतं. पण खोलवरचं दबणं ठरतं ते एक्सलवरच्या एकूण वजनावर. टायर कितीही रुंद असलं तरी जड ट्रॉली खालचा थर दाबतेच, आणि तो फोडायला पुन्हा सबसॉयलर भाड्याने लावावा लागतो.

तिसरा भुर्दंड ट्रॅक्टरमालकाला. फडातून निघून गढीच्या जय भवानीला जायचं असो की शेवगाव तालुक्यातल्या गंगामाईला, पुढचा सगळा पल्ला डांबरी. रानासाठी कमी केलेली हवा तशीच ठेवून भरल्या खेपेने डांबरीवर पळालं की टायरच्या बाजू तापतात, टायर रिमवर सरकतं आणि ट्यूबचा व्हॉल्व्ह तुटतो. एकच टायर दोन्हीकडे शंभर टक्के चालत नाही. ट्रॅक्टरचा हप्ता नांगरट-रोट्यातून फिटतो की ऊस वाहतुकीतून, हे आधी बघावं लागतं. वर्षभरातले जास्त तास जिथं जातात, तिथलं टायर घ्यावं.

खरेदीआधी एवढं तपासा

पहिलं, ट्रॅक्टरच्या पुस्तकात त्या मॉडेलला कोणकोणती मापं चालतात ते बघा. बऱ्याच ट्रॅक्टरांना दोन मापं मान्य असतात. त्यातलं मोठं घेतलं तर प्रश्न येत नाही.

दुसरं, रिमची रुंदी, मडगार्डमधली जागा आणि पिकातल्या ओळींचं अंतर टेपने मोजा.

तिसरं, बिलावर ट्रॅक्टर टायरला ५ टक्केच कर लावलाय ना, ते वाचा. उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष टायरवर चार आकड्यांत छापलेलं असतं, तेही बघा.

चौथं, हवेचं मीटर विकत घ्या. फडात उतरताना आणि रस्त्याला लागताना हवा बदलायची सवय लागली, तर जुनं टायरही वेगळं वागतं.

पाचवं, फडातली माती मुठीत दाबा. हाताला चिकटणारा गोळा झाला तर अजून वापसा नाही. त्या दिवशी भरली ट्रॉली आत घालण्यापेक्षा अर्धी भरून बाहेर काढलेली परवडते. मुकादम, ट्रॅक्टरवाला आणि शेतकरी यांनी तोडीआधी एकदा फड फिरून ट्रॉली कुठून आत घालायची आणि कुठून काढायची हे ठरवलं, तर सगळं रान तुडवण्याऐवजी एकच वाट तुडवली जाईल.

करकपातीने टायर हाताशी आलंय, हे चांगलंच झालं. पण रुतलेली चाकं त्याने आपोआप बाहेर येणार नाहीत. ट्रॉलीच्या टायरला तीच सवलत मिळाली आणि फडापर्यंतच्या पाणंद रस्त्यांवर मुरूम पडला, तर मोळी डोक्यावर घेऊन चिखल तुडवणाऱ्या बाईलाही या स्वस्ताईतलं काही मिळेल.