कुणाचा पाऊस खरा?

दोस्तांनो, आज तुम्हाला एका भांडणाची गोष्ट सांगतो. भांडण झालं पावसावरून, आणि ते सोडवता सोडवता मलाही चार गोष्टी नव्यानं कळल्या.

एका मे महिन्यात मी चार दिवस बहिणीकडे कुंभारीला गेलो होतो. कुंभारी हे सोलापूरजवळचं, अक्कलकोट रस्त्यावरचं गाव. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला ठाऊक असेलच. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू दिसत नाही. त्या दिवशीही तसंच होतं. पण चारच्या सुमारास पश्चिमेकडून काळं आभाळ उठलं, धुळीचे लोट आले, आणि पाठोपाठ वळीव कोसळला. पाऊस म्हणजे नुसता पाऊस नाही, गारांसकट! पत्र्यांवर असा ताशा वाजायला लागला, की घरात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना.

आता माझी भाची आठवीत आहे आणि तिला पाऊस मोजायचं वेड आहे. तिच्या वेडाची लागण आणखी दोघांना झालीय. एक तिचा चुलतभाऊ. तो सुट्टीत आजोबांबरोबर मळ्यात राहतो. दुसरा तिच्या वर्गातला मित्र. तो गोदूताई परुळेकर वसाहतीत राहतो. विडी कामगार बायकांसाठी बांधलेली दहा हजार घरांची ही वसाहत कुंभारीतच आहे. तिघांची ठिकाणं एकमेकांपासून थोडी थोडी लांब. पाऊस झाला, की तिघंही आपापल्या वहीत आकडा लिहितात आणि मग आकडे ताडून पाहतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता तिघं बहिणीच्या ओट्यावर जमली.

भाची म्हणाली, "माझ्याकडे एक्केचाळीस मिलिमीटर."

चुलतभाऊ ऐटीत म्हणाला, "हॅट्! मळ्यात अठ्ठावन्न!"

मित्र थोडा वेळ गप्प होता. मग हळूच म्हणाला, "साठ."

"साठ? वसाहतीत? खोटं बोलायलास तू!" चुलतभाऊ उसळला. झालं! मग तूतू-मैंमैं सुरू. शेवटी तिघंही माझ्याकडे वळली. "मामा, तुम्हीच सांगा, कुणाचा पाऊस खरा?"

मी काय सांगणार, कप्पाळ! मी तर खिडक्या लावून चहा पीत बसलो होतो. पण मी त्यांना म्हटलं, "आकडा नंतर सांगा. आधी तीन प्रश्नांची उत्तरं द्या. भांडं कसलं होतं? ठेवलं कुठं होतं? आणि मोजलं कधी?"

भाचीचं भांडं म्हणजे काचेची बरणी. वरपासून खालपर्यंत सरळ, सारख्या रुंदीची. घरामागच्या मोकळ्या जागेत ठेवलेली. मोजलं सकाळी साडेआठला. ही साडेआठची वेळ तिनं उगीच धरली नव्हती. आपलं भारतीय हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्याच्या केंद्रांवर रोजचा पाऊस सकाळी साडेआठला मोजतात. त्याआधीच्या चोवीस तासांचा सगळा पाऊस त्या आकड्यात येतो. सगळ्यांनी एकाच वेळी मोजलं, तरच एकाचा आकडा दुसऱ्याशी ताडता येतो.

चुलतभावाचं भांडं म्हणजे बादली. त्यानंही सकाळीच मोजलं होतं. सरळ पट्टी बुडवली आणि ५८ मिलिमीटर वाचलं.

"पाणी ओतून दिलंस का?" मी विचारलं.

"नाही मामा, तसंच आहे."

मग काय, निघाली आमची वरात मळ्याकडे! बादली पाहताच माझ्या लक्षात आलं. तुमच्या घरातली बादली जरा निरखून पाहा बरं. तोंड मोठं आणि बूड लहान. म्हणजे ती पाऊस झेलते मोठ्या तोंडानं, आणि साठवते लहान बुडात. मग पाणी उंच चढणारच! बादलीनं पाऊस फुगवून सांगितला, पोरानं नाही.

पण पाणी शिल्लक असल्यामुळे खरा आकडा काढता आला. आजोबांकडे दुधाचं लिटरचं माप होतं. बादलीतलं पाणी भरलं अडीच लिटर, म्हणजे २५०० घन सेंटिमीटर. बादलीच्या तोंडाचा व्यास २८ सेंटिमीटर, म्हणजे त्रिज्या १४. वर्तुळाचं क्षेत्रफळ काढायचं सूत्र तुम्हाला येतंच. २२ भागिले ७, गुणिले १४, गुणिले १४. उत्तर ६१६ चौरस सेंटिमीटर. आता २५०० ला ६१६ ने भागा. आले ४.०६ सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ४१ मिलिमीटर!

भाची टाळ्या पिटायला लागली. चुलतभावाचा चेहरा पडला. पण आजोबांनी त्याला जवळ घेतलं. "अरे, एक्केचाळीस काय थोडा झाला? सांग बघू, आपल्या रानात किती पाणी पडलं?"

हे गणितही सोपं आहे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होतं. एक एकर म्हणजे सुमारे ४०४७ चौरस मीटर. त्याला ४१ ने गुणलं, की होतात जवळजवळ १ लाख ६६ हजार लिटर. दहा हजार लिटरचे साडेसोळा टँकर, एका एकरावर! उन्हाळ्यात टँकरपुढे घागरी घेऊन रांगेत उभं राहिलेल्यांना या आकड्याची किंमत विचारा.

आता राहिला मित्राचा साठ. तो सगळ्यांच्या मागून चालत होता. मी त्याची वही मागितली. पानावर ६० लिहिलं होतं, पण त्याखाली खोडलेलं काहीतरी होतं. २३.

तो खाली मान घालून म्हणाला, "मामा, माझा तेवीसच आला होता. पण यांचे एवढे एवढे आकडे ऐकून वाटलं, माझाच पाऊस कमी कसा? म्हणून…"

कुणी काही बोललं नाही. चुलतभावाची चूक भांड्याची होती, ती गणितानं सुधारली. ही मात्र कुठल्याच गणितानं सुधारली नसती. त्यानं खोडून काढलेला तो तेवीस खरोखरच चुकीचा होता का?

त्याला मी म्हटलं, "अरे, वाईट वाटून घेऊ नकोस. एकाच गावात पाऊस कमीजास्त पडूच शकतो."

२६ जुलै २००५ ची मुंबई तुम्ही घरच्यांच्या तोंडून ऐकली असेल. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या केंद्रावर ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. आणि त्याच मुंबईत, वीस-पंचवीस किलोमीटरवर असलेल्या कुलाब्याला? पाऊणशे मिलिमीटरसुद्धा नाही! आता कुलाब्याच्या माणसानं लाजून आपला आकडा वाढवून लिहिला असता, तर? पाऊस नेमका कुठं कोसळला, हे आपल्याला कळलंच नसतं. सांताक्रूझचा मोठा आकडा जितका कामाचा, तितकाच कुलाब्याचा लहान आकडाही कामाचा. वळवाचे ढग तर फार पसरलेले नसतातच. रस्त्याच्या या बाजूला धो धो आणि त्या बाजूला कोरडं, हे तुम्हीही पाहिलं असेल.

तरी मी मित्राला बाकीचे दोन प्रश्न विचारलेच. त्याची बाटली होती भिंतीला लागून. पाऊस तिरपा आला, तर भिंत तो अडवणार. शिवाय त्यानं संध्याकाळी पाऊस थांबल्याबरोबर मोजलं आणि पाणी ओतून दिलं. रात्री पुन्हा एक सर येऊन गेली, ती त्याच्या वहीत आलीच नाही. मग वसाहतीत खरंच पाऊस कमी पडला, की भिंतीनं अडवला, की रात्रीची सर राहून गेली? आता कळायला काहीच मार्ग नव्हता.

"मग काय लिहू?" त्यानं विचारलं.

"तेवीसच लिही. आणि पुढं लिही, भिंतीजवळ, संध्याकाळी सहाला मोजला. वाचणाऱ्याला त्यातून काय समजायचं ते समजेल."

ही भानगड फक्त पोरांची होते असं समजू नका हं! अमेरिकेत हिमवादळ झालं, की तिथले हवामानाचे शौकीन असेच आकडे ताडत बसतात. कुणाच्या दारात किती बर्फ? पण बर्फ मोजणं पावसाहून अवघड. तो वाऱ्यानं उडतो, एका कोपऱ्यात ढीग होतो, आणि स्वतःच्या वजनानं दबत जातो. म्हणून एक पांढरी फळी ठेवून तिच्यावरचा बर्फ मोजतात. मोजून झाला, की फळी साफ करतात. पण सारखी साफ करायची नाही! दर तासाला साफ केली, तर बर्फाला दबायला वेळच मिळत नाही आणि बेरीज फुगते. म्हणून सहा तासांतून एकदाच, असा नियम आहे.

जानेवारी २०१६ मध्ये तिथं मोठं हिमवादळ झालं. वॉशिंग्टनच्या शहराजवळच्या विमानतळावर आकडा आला १७.८ इंच. आणि डलेस नावाच्या त्याच परिसरातल्या दुसऱ्या विमानतळावर २९.३ इंच! लोकांनी विचारलं, एवढा फरक कसा? तेव्हा कळलं, की पहिल्या ठिकाणी मोजायची फळीच बर्फाखाली गडप झाली होती. मग तज्ज्ञांना बसून तपासणी करावी लागली. म्हणजे बघा, मोठमोठ्यांनाही तेच तीन प्रश्न सुटत नाहीत!

आणि आपल्या गारा? त्या कशा मोजायच्या? त्या भांड्यात वितळू द्यायच्या आणि त्यांचं पाणी पावसातच धरायचं. गारा केवढ्या होत्या ते मात्र वेगळं लिहायचं. ज्वारीएवढ्या, बोराएवढ्या, की लिंबाएवढ्या. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात फार मोठी गारपीट झाली. सोलापूर जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांनाही तिचा तडाखा बसला होता. गारेच्या आकारावर बागेचं काय होणार ते ठरतं.

तुम्ही म्हणाल, मामा, एवढा काथ्याकूट कशाला? चार मिलिमीटर इकडे की तिकडे!

तेच आजोबांनी सांगितलं. आपल्याकडे एखाद्या महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला, की ती अतिवृष्टी धरली जाते. पिकाच्या भरपाईचा विचार होतो तेव्हा हा आकडा पाहतात. मंडळांमध्ये आता 'महावेध' प्रकल्पाची आपोआप मोजणारी यंत्रं बसवलेली आहेत. पण एका मंडळात कितीतरी गावं असतात. ढग यंत्रावर कमी आणि एखाद्याच्या रानावर जास्त बरसला, तर? म्हणून आजोबा म्हणाले, "पोरांनो, आकडा म्हणजे नुसता आकडा नव्हं. त्याच्यामागं कुणाचं तरी वर्ष असतं."

मोजणारे थोडे असले, की मधला पाऊस निसटतो. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात फोर्ट कॉलिन्स नावाचं शहर आहे. जुलै १९९७ मध्ये तिथं एका बाजूला साडेतीनशे मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, आणि दुसऱ्या बाजूला त्या मानानं अगदी थोडा. पुरात पाच माणसं गेली. त्यानंतर १९९८ मध्ये तिथल्या विद्यापीठातल्या हवामानतज्ज्ञांनी साध्या नागरिकांनाच पाऊस, बर्फ आणि गारा मोजायला लावलं. त्यात शाळकरी मुलंही आली. आज त्या देशभर हजारो लोक रोज सकाळी आपापल्या अंगणातला आकडा कळवतात. त्यांचा एक नियम मला फार आवडतो. पाऊस पडला नाही, तर पान कोरं सोडायचं नाही, शून्य लिहायचं! कोरं पान म्हणजे 'पाहिलं नाही', आणि शून्य म्हणजे 'पाहिलं, पडला नाही'.

आपल्या सोलापूरकडच्या वह्यांत शून्यंच जास्त भरणार, नाही का? पण ती खरी शून्यं असली म्हणजे झालं.

निघायच्या दिवशी तिघांनी एक शहाणपणाचं काम केलं. सारख्या मापाच्या तीन सरळ बाटल्या आणल्या, आणि पुढच्या पावसात त्या एकाच जागी शेजारीशेजारी ठेवायचं ठरवलं. तिन्हींत आकडा सारखा आला, तर भांडी बरोबर. मग प्रत्येकानं आपली बाटली घरी न्यायची. त्यानंतर फरक आला, तर तो पावसाचाच!

पंधरा दिवसांनी मित्राचं पत्र आलं. तिन्ही बाटल्यांत १२. त्यानंतरच्या पावसात भाचीकडे १९, मळ्यात १७ आणि वसाहतीत ६. खाली त्यानं ठसठशीत लिहिलं होतं, "मामा, सहा खरा आहे. भिंतीपासून लांब, सकाळी साडेआठला."

करून पाहा

सरळ उभ्या बाजूंची प्लॅस्टिकची बाटली घ्या. वरचा निमुळता भाग मोठ्यांकडून कापून घ्या आणि तोच उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. बूड खडबडीत असतं, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथं शून्याची रेघ मारा. त्यावर मोजपट्टी चिकटवा. वाऱ्यानं पडू नये म्हणून बाटली विटांमध्ये बसवा. जवळची भिंत किंवा झाड जितकं उंच असेल, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर ती ठेवा. रोज सकाळी साडेआठला आकडा वाचा आणि पाणी पुन्हा रेघेवर आणा.

वहीत चार रकाने आखा. तारीख, आकडा, गारा पडल्या का, आणि शेवटचा रकाना 'शंका'. तो भरायला लाजू नका.

मग मैत्रिणीचा, मित्राचा आकडा विचारा. तुमच्याहून निराळा आला, तर भांडण्याआधी ते तीन प्रश्न आठवा.

तुमचाच,
मामा